सागवानाला रंग लावला तर बिघडतं कुठे?

दर दोन-चार महिन्यांनी समाजमाध्यमांवर एकच भांडण नव्यानं पेटतं. कुणीतरी आजोळहून आलेलं सागवानी कपाट नाहीतर जुन्या बाजारात घासाघीस करून मिळवलेलं ड्रेसिंग टेबल फिकट निळ्या रंगात रंगवतं, नव्या मुठी बसवतं आणि 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो टाकतं. तासाभरात पंचायत भरते. एक बाजू कपाळावर हात मारून घेते: अस्सल बर्मा टीक, आणि त्यावर रंग फासला? हे पाप कुठे फेडाल? दुसरी बाजू फणकारते: कपाट आमचं, पैसे आमचे, तुमच्या पोटात का दुखतंय? मग संस्कृती, अभिरुची, परदेशी फॅशनची नक्कल, पर्यावरण असं सगळं एकमेकांत गुंततं आणि दोन्ही पक्ष आपापल्या जागी आणखी घट्ट बसतात. विषय महत्त्वाचा आहे, म्हणून या भांडणाचं वाईट वाटतं. कारण ज्या मुद्द्यावर ते लढलं जातं, तो मुद्दाच फसवा आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. जुन्या सामानाला हात लावावा, बिनधास्त लावावा, घरच्या घरी, शिकाऊ हातानंही लावावा. अट एकच: आपण जे करू ते पुढच्या माणसाला काढून टाकता आलं पाहिजे. रंग, मुठी, काच, नवं कापड, पायाखाली चाकं, काहीही चालेल. वस्तूचा परतीचा रस्ता बंद होता कामा नये. या कसोटीवर रंगाचा ब्रश बहुतेक वेळा निर्दोष सुटतो. आणि ज्याला 'मूळ रूप परत आणलं' म्हणून वाहवा मिळते, ते घासायचं मशीन आणि त्यावरचं चकचकीत पीयू (पॉलीयुरेथेन) पॉलिश पुष्कळदा गुन्हेगार ठरतं.

विरोधकांची भक्कम बाजू नाकारण्यात अर्थ नाही. जुन्या घरांतलं सागवान आता त्याच दर्जाचं मिळत नाही, ही हळहळ पोकळ नाही. जंगलात सावकाश वाढलेल्या मोठ्या झाडाचा गाभा आणि लागवडीत लवकर तोडलेल्या झाडाचं लाकूड यांत फरक असतो. कोवळ्या लाकडात पांढरा भाग जास्त, आणि वाळवीला दूर ठेवणारं गाभ्यातलं तेल कमी. म्यानमारनं, म्हणजे पूर्वीच्या ब्रह्मदेशानं, 1 एप्रिल 2014 पासून अख्खे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं. म्हणजे आपल्या फडताळात, झोपाळ्यात, आरामखुर्चीत जे लाकूड अडकून आहे तेवढंच आपल्या वाट्याचं. त्यात सागवानाची छिद्रं मोठी. कोऱ्या लाकडावर रंग चढवला की तो या छिद्रांत उतरून बसतो, आणि मग तो काढायला अक्षरशः उकरावं लागतं. तेव्हा 'रंग लावू नका' म्हणणारा माणूस उगाच कुरकुरत नसतो. त्याला एक खरा धोका दिसत असतो. फक्त तो धोका नेमका कुठे आहे हे त्याला नीट दिसलेलं नसतं.

पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या घरगुती फर्निचरवर बहुधा जे पॉलिश असतं ते लाखेचं. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्यानं, हात न थांबवता, पातळ थरांवर थर चढवायचे. आपण त्याला फ्रेंच पॉलिश म्हणतो. लाख मात्र झारखंड-छत्तीसगडकडच्या पळस-कुसुमांवरची. या पॉलिशची मोठी खोड अशी की गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं. आणि मोठा गुण असा की ते ज्यानं चढलं त्यानंच उतरतं. कपाटाच्या मागच्या अंगाला, दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटचा बोळा थोडा वेळ धरून बघा. बोट चिकटायला लागलं, बोळ्यावर तपकिरी डाग आला, तर वर लाख आहे असं समजायला हरकत नाही. हा थर शाबूत ठेवून, मळ पुसून, उघड्या पडलेल्या जागी लाखेचा आणखी एक हात देऊन मग वर रंग लावला, तर रंग आणि लाकूड यांच्यात पडदा राहतो. उद्या नातवाला लाकडाचे रेषे बघायची हौस आली तर तो रंग बराचसा सुटून येतो. पंचाईत होते ती व्हिडिओ बघून आधी कपाट कोऱ्या लाकडापर्यंत खरवडणाऱ्यांची. म्हणजे नुकसान करतं ते रंगाआधीचं घासणं.

आणि घासण्यात तर पॉलिशवाले सगळ्यांच्या पुढे आहेत. 'नव्यासारखं करून देतो' हे त्यांचं ब्रीद. पट्ट्याचं मशीन फिरलं की दहा मिनिटांत कपाट पिवळंधमक निघतं, मालक खूश होतो. काय गेलं ते त्याला कळत नाही. माझ्याकडच्या एका टेबलाच्या खणाच्या तळाला रंध्याचे आडवे माग अजून हाताला लागतात. खणाच्या मागच्या फळीवर सुतारानं पेन्सिलीनं घातलेला आकडा आहे, कुठला खण कुठल्या घरात बसतो त्याची खूण. हे सगळं मशीनच्या दोन फेऱ्यांत जातं. कोरलेल्या पट्टीची धार बोथट होते, कडा गोलमटोल होतात, आणि वरचं लाकूड म्हणजे नुसता पातळ सागवानी पापुद्रा (व्हीनिअर) असेल तर आतलं हलकं लाकूड उघडं पडतं. त्यावर दोन घटकांचं पीयू पॉलिश चढलं की पाण्याचे, कपाचे डाग पडत नाहीत हे खरं. पण ते स्पिरिटनं निघत नाही. ओरखडा उठला तर तेवढाच भाग भरणं अवघड, म्हणजे पुन्हा मशीन, पुन्हा थोडं लाकूड कमी. रंग लावणाऱ्या मुलीला पाप-पुण्य ऐकवणाऱ्या किती जणांनी या मशीनविरुद्ध कधी तोंड उघडलंय?

हा घोळ आपलाच आहे असंही नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जुन्या चर्चची 'मूळ रूपात' डागडुजी करायची लाट आली होती. मूळ रूप कुठलं, तर वास्तुरचनाकाराच्या डोक्यात असलेलं. त्यासाठी मधल्या शतकांत लोकांनी केलेले बदल, गिलावे, थर खरवडून काढले जायचे. याविरुद्ध कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस आणि त्याच्या मित्रांनी 1877 मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिला टोपणनाव पडलं 'अँटी-स्क्रेप', म्हणजे खरवडविरोधी मंडळी. त्यांचं म्हणणं साधं होतं: नंतर झालेले बदलही त्या वास्तूच्याच आयुष्याचा भाग आहेत, ते पुसून मिळणारी वस्तू जुनी नसते, जुन्याचा वेश घेतलेली नवी असते. आपल्याकडच्या 'अस्सल'च्या कैवाऱ्यांना हे कुणीतरी ऐकवायला हवं.

आता संस्कृतीचा मुद्दा. 'आपल्याकडे असं रंगवायची पद्धतच नव्हती' हे वाक्य या वादात इतक्या ठामपणे फेकलं जातं की ऐकणारा गप्पच बसतो. पद्धत नव्हती? सावंतवाडीला जाऊन बघा. तिथल्या चितारी कारागिरांनी पाट, चौरंग, देव्हारे, खेळणी पिढ्यानपिढ्या रंगवली, वर लाखेची चकाकी दिली. गंजिफा या जुन्या पत्त्यांच्या खेळातल्या पानांवरची चित्रं पुढे टेबलं-खुर्च्यांवर उतरली. संस्थानच्या राजघराण्यानं गेल्या शतकाच्या उत्तरार्धात या कलेला पुन्हा उभं केलं, तेव्हा लाकूड झाकलं म्हणून कुणी गळा काढला नव्हता. गोव्यातल्या चर्चमधल्या लाकडी वेदी रंगवलेल्या आहेत, सोन्याच्या वर्खानं मढवलेल्या आहेत. आणि कोकणातल्या किती घरांच्या दारं-खिडक्यांवर निळा-हिरवा ऑइलपेंट नाही? लाकूड उघडंच राहावं हा नियम आपल्या आज्यांनी केलेला नाही.

शिवाय ज्या 'बर्मा टीक'पुढे आपण हात जोडतो त्याचा इतिहास तरी कुठे सोवळा आहे? 1863 मध्ये स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ब्रह्मदेशाच्या जंगलांतून सागवान काढत होती. ओंडके कमी मोजून राजाचं देणं बुडवल्याच्या आरोपावरून तिथल्या थिबा राजाच्या सरकारनं कंपनीला जबर दंड केला, इंग्रजांना निमित्त मिळालं आणि 1885 मध्ये युद्ध होऊन राज्य गेलं. तो राजा आपल्या रत्नागिरीत नजरकैदेत राहिला आणि 1916 मध्ये तिथेच वारला. मराठी घरातली बैठक तोवर मुख्यतः जमिनीवरची होती: गादी, लोड, तक्क्या, पाट. उंच टेबल-खुर्ची इंग्रजी अमदानीत हळूहळू माजघरापर्यंत पोचली. म्हणजे ज्याला आपण पिढीजात म्हणतो ते फर्निचर मुळात बदलाचंच अपत्य आहे. आपल्या पणजोबांनी पाट सोडून खुर्ची घेतली ते चाललं, आणि पणतीनं त्या खुर्चीला पिवळा रंग दिला तर परंपरा बुडाली?

चंदीगडच्या खुर्च्यांची गोष्ट या वादात कुणी काढत नाही याचं मला नवल वाटतं. चंदीगड आखणाऱ्या वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिएचा चुलत भाऊ पिएर जानरे यानं 1950 च्या दशकात नव्या शहरातल्या सचिवालयासाठी, न्यायालयासाठी, विद्यापीठासाठी सागवान आणि वेत वापरून खुर्च्या-टेबलं आखली आणि स्थानिक सुतारांनी ती बनवली. पुढे वेत फाटला, सांधे ढिले झाले, सरकारी कार्यालयांत लोखंडी आणि प्लास्टिकचं सामान आलं, आणि या खुर्च्या गच्चीवर, आवारात ढिगांनी पडल्या. निर्लेखित, म्हणजे वापरातून काढलेला, माल म्हणून लिलावात कवडीमोलानं गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, सांधे आवळले, नवा वेत विणला, पॉलिश केलं आणि पॅरिस-न्यूयॉर्कच्या लिलावांत लाखांनी विकल्या. 2011 मध्ये गृहमंत्रालयाला आदेश काढून या फर्निचरची विक्री थांबवावी लागली, कारण पुरावस्तूंचा 1972 चा कायदा साधारणपणे शंभर वर्षांपुढच्या वस्तूंनाच लागू होतो आणि या खुर्च्या तेवढ्या म्हाताऱ्या नव्हत्या.

या गोष्टीचा अर्थ 'बघा, परदेशी लोकांना किंमत कळली' एवढाच काढला जातो. मला दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. एक, त्या खुर्च्यांवर कोट्यवधींची उलाढाल झाली ती सांधा आवळणं आणि वेत विणणं या कुठल्याही पेठेतल्या कारागिराला येणाऱ्या कामांच्या जोरावर. ती आपण केली नाहीत, कारण आपल्याला दुरुस्ती ही गरिबीची खूण वाटत होती. दोन, आज खरेदीदार त्या खुर्चीच्या पाठीमागे काय शोधतो? कुणा कारकुनानं ब्रशनं रंगवलेला कार्यालयाचा नंबर. तो असेल तर खुर्ची अस्सल मानायला आधार मिळतो. म्हणजे सागवानावर बेपर्वाईनं फासलेला रंगच आज सत्यतेचा दाखला झाला आहे! कुणी 'मूळ रूपा'च्या नादात तो खरवडला असता तर?

आता माझ्याच बाजूच्या लोकांकडे वळते, कारण तिथेही सगळं आलबेल नाही. हौशी कारागिरीच्या नावाखाली जे चालतं त्यातलं काही खरोखर पाहवत नाही. चालू शिवणयंत्र काढून टाकायचं आणि त्याच्या बिडाच्या सांगाड्यावर काच ठेवून कॉफी टेबल करायचं. यंत्र गंजून गेलं असेल तर ठीक, पण चालतं यंत्र मोडून? निदान सांगाड्याला भोकं पाडली नाहीत तर यंत्र परत बसवता तरी येतं. व्हॉल्व्हच्या रेडिओचं पोट साफ करून आत ब्लूटूथ स्पीकर बसवणाऱ्यांना मात्र माझ्याकडे माफी नाही. आतली व्हॉल्व्ह, कॉइल एकदा भंगारात गेली की उरते ती पेटी. तांब्याच्या घंगाळात झाड लावायला तळाला ड्रिलनं भोकं पाडणं हा असाच आततायीपणा. आत प्लास्टिकची कुंडी ठेवली की काम भागतं. रंगाच्या वादात इतकी ऊर्जा जाते आणि ही मोडतोड कौतुकाचे बदाम मिळवून जाते. परतीच्या रस्त्याची कसोटी लावली की कुठे आनंदानं मान डोलवायची आणि कुठे ओरडायचं हे आपोआप कळतं.

चिकटवण्याचंही तसंच. जुने सुतार सांध्यात सरस वापरायचे, जनावराच्या कातडी-हाडांपासून केलेला. ऊब आणि ओल दिली की सरस मऊ पडतो, सांधा सुटतो, पाय बदलता येतो. 1959 मध्ये फेविकॉल आलं आणि सुतारांची मोठी सोय झाली, यात वाद नाही. पण तो सांधा पुन्हा उघडायचा म्हटलं तर अनेकदा लाकूडच फाटतं. डुगडुगत्या खुर्चीत फेविकॉल ओतून वर खिळा ठोकणारा मनुष्य ती दुरुस्त करत नाही, तिची शेवटची दुरुस्ती करतो.

आरोग्याचा मुद्दा उडवून लावू नये. 'कुणाच्या घरचं कसं असेल, मेलेल्या माणसाची खाट असेल' या भीतीचं मी काही करू शकत नाही. ज्याला ती वाटते त्यानं नवी खाट घ्यावी. ढेकूण मात्र खरे असतात आणि ते सांध्यांत, फळीमागे लपतात. गाद्या-गिरद्या फेकून, सांधे उघडून तपासल्याशिवाय वस्तू घरात घेऊ नये. बारीक भोकांतून पिठासारखा भुसा पडत असेल तर आत कीड चालू आहे. आणि सगळ्यात दुर्लक्षित धोका जुन्या ऑइलपेंटचा. घरगुती रंगांतलं शिसं दशलक्ष भागांत 90 भागांपर्यंत खाली आणणारे नियम आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. त्याआधीचा पिस्ता रंगाचा पाळणा गॅलरीत बसून कोरडा घासणं, शेजारी मूल खेळत असताना, हा शुद्ध वेडेपणा आहे. अशा वस्तूवर नवा थर चढवून जुना आत बंद ठेवणं हे घासण्यापेक्षा सुरक्षित. आणि ज्याला मुलं चावतात ती वस्तू सोडूनच द्यावी. बघा, इथेही मशीनपेक्षा ब्रश बरा निघाला.

सगळ्यात बोचरा आक्षेप वर्गाचा आहे, आणि तो मला मान्य आहे, निदान अर्धा. गरिबांनी जुनं वापरलं की नाइलाज, सुखवस्तूंनी वापरलं की अभिरुची. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात, जोगेश्वरीच्या ओशिवऱ्यात जी खुर्ची काल संसार मांडणाऱ्या जोडप्यानं घेतली असती, तिला आज कॅफेवाल्याची नजर लागते आणि भाव चढतो. हे घडतं. पण यावर उपाय म्हणून सुखवस्तू माणसानं काय करावं? पार्टिकल बोर्डाचं कपाट घ्यावं? भुसा आणि डिंक दाबून केलेलं ते कपाट पाणी लागलं की फुगतं, घर बदलताना एकदा खोललं की स्क्रू पुन्हा तसे धरत नाहीत, आणि काही वर्षांनी त्याला भंगारवालाही हात लावत नाही. ते गरिबाच्या घरी दुसऱ्या हातानं पोचतच नाही. टिकाऊ वस्तू वरच्या थरातून वापरली जात राहिली तरच ती कधीतरी खाली उतरते. आणि हौशी मंडळी खरंच तोलामोलाची वस्तू किती उचलतात? बहुतेकांच्या हाती लागतं ते पाय मोडलेलं स्टूल, काच फुटलेलं शोकेस, कुणालाच नको असलेली ट्रंक.

पैठणी विरली की तिचे काठ आणि पदर सोडवून नव्या वस्त्राला लावायचे, हे आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आलं. मूळ साडी गेली म्हणून कुणी सुतक पाळलं नाही. मग कपाटाच्या बाबतीतच हा सोवळेपणा का? मला वाटतं, कारण शिवणकाम घरातल्या बाईला येत होतं आणि सुतारकाम बाहेरच्या माणसाचं होतं. जे आपल्या हाताला येतं ते आपण निर्धास्त उसवतो. जे येत नाही त्याला हात लावायला धजत नाही, आणि त्या भीतीलाच आदर समजून बसतो. म्हणून मला हौशी ब्रशवाल्यांचं कौतुक आहे. त्यांचे रंग मला अनेकदा आवडत नाहीत. फिकट निळ्याचा तर वीट आला आहे. पण ज्यानं एक खण स्वतः खोलून, तासून, मेण लावून परत सरकवला आहे, त्याला पुढचं कपाट घेताना खणाचा तळ कशाचा आहे हे बघायची सवय लागते.

'घरचे लोकच करू लागले तर सुतारानं काय खायचं' असंही विचारतात. सुताराचं काम हौशी लोकांनी पळवलेलं नाही. प्लायवर लॅमिनेट चिकटवण्याच्या ठेक्यांनी रंधा आणि पटाशी त्याच्या पेटीच्या तळाशी ढकलली. वेताच्या खुर्च्या विणण्याचं कसब शिकून अनेक अंध कारागिरांनी घर चालवलं; त्यांच्याकडचं काम कमी झालं ते खुर्च्या फोमच्या झाल्या म्हणून. उलट रंगवायला, चाकं लावायला घरी बसलेल्या माणसाला तासाभरात कळतं की ढिला सांधा आपल्याच्यानं होत नाही, आणि तो मिस्त्री शोधायला निघतो. अडचण तिथे सुरू होते. मिस्त्री म्हणतो, 'ताई, नवीनच करून घ्या, दुरुस्तीत परवडत नाही.' तो खोटं बोलत नसतो. नव्या कामात त्याला प्लायवर, लॅमिनेटवर, बिजागऱ्यांवर चार पैसे सुटतात. दुरुस्तीत विकायला फक्त त्याचा वेळ असतो, आणि तो वेळ आपल्याला फुकट हवा असतो. जुन्या खुर्चीचे चार सांधे उघडून साफ करून पुन्हा बसवायला एक दिवस लागत असेल, तर त्या दिवसाची पूर्ण मजुरी, नव्या कामाच्या दरानं, आधी ठरवून द्यावी. खुर्ची दोनशेला मिळाली म्हणून दुरुस्ती शंभरात व्हावी हा हिशेब मनातून काढला, तर हे काम घेणारे मिस्त्री अजून आहेत.